पत्त्यांची घोडी

नगरपालिकेची यादी आली. अकरा नावं.
पितळेची पाटी, अक्षरामागे बारा क्राउन,
अक्षरांवरच्या टोप्या आणि टिंबं फुकट.
आमच्या ओलोमोउत्सात, याच चार गल्ल्यांत,
इतके शोध लागले हे मलाही ठाऊक नव्हतं:
दूध उतू जाण्याआधी शिट्टी घालणारं झाकण,
बर्फावरच्या घसरगाडीला टाचेचा ब्रेक,
हातमोजे न काढता लागणारं स्केटचं बक्कल.
मी कोरत गेलो.
पितळेचा कीस मिशीत बसत गेला.

अकरावं नाव : ओटाकार व्रबेन्स्की, ट्राम-कंडक्टर.
शोध : पत्त्यांची घोडी.

कोरणी खाली ठेवली. चहा टाकला.

दर शुक्रवारी आम्ही तिघं मारियाश खेळायचो,
ओटाकार, त्याची बोहदाना, आणि मी.
दहा-दहा पानं, दोन पालथी.
आमच्या पत्त्यांत राणी नसते, बरं का.
राजा, वरचा शिपाई, खालचा शिपाई;
आणि हुकमाच्या राजाचं लग्न लागतं
ते एका मिशाळ शिपायाशी. चाळीस गुण.
"बाईवाचून लग्नं लावणारे लोक तुम्ही!"
बोहदाना दरवेळी म्हणायची
आणि चाळीस मांडून मोकळी व्हायची.

मग तिचे हात थरथरू लागले.
आधी बशीत चहा, मग सुईत न जाणारा दोरा,
मग पानं.
बलूत, घंटा, बदाम, सगळं टेबलाखाली
झोपलेल्या मांजराच्या अंगावर.
एका शुक्रवारी खुर्ची मागे सरकवून म्हणाली,
"तुम्ही खेळा. मी बघते."
तिघांचा खेळ दोघांत रंगत नाही.
आम्ही हवामानावर बोललो.

पुढच्या शुक्रवारी ओटाकारने
लाटणं उभं चिरून आणलं,
तिचंच, तिच्या आईकडून आलेलं.
मधोमध करवतीची एक सरळ खाच.
दहा पानं उभी राहिली,
आणि हळूहळू माझ्या बाजूला रेलली.
मी उंच. मला वरून सगळं दिसत होतं.
मी बोललो नाही. तीन क्राउन जिंकलो.
ते अजून माझ्याकडेच आहेत.

तिने माझे डोळे पाहिले होते.
नवऱ्याला म्हणाली, "ओटा, सरळ नको.
वाकडी काप, पंख्यासारखी. आणि माझ्याकडे कलती,
कानात काही सांगताना माणूस झुकतो ना,
तितकी."

तितकी.
कागदावर आकडा नव्हता, कोनमापक नव्हता.
त्याने तितकीच कापली.

आज ती घोडी वृद्धाश्रमांत आहे, इस्पितळांत आहे,
ओस्त्राव्यात एक हात गमावलेल्या खाणकामगाराकडे आहे,
आणि गेल्या हिवाळ्यापासून माझ्याकडे.
कोरणी धरली की माझा हात अजून गप्प असतो,
पानं धरली की बोलायला लागतो.

पालिकेत फोन केला.
बाई म्हणाल्या, अर्जावर एकच सही आहे.
म्हटलं, सात अक्षरांची जागा आहे खाली,
पैसे घेणार नाही.
म्हणाल्या, मंजुरी एकाच नावाची.

ठीक.

ओटाकारच्या नावाखाली मग मी एक रेघ ओढली,
वाकडी, पंख्यासारखी.
किती कलती, ते ठाऊक होतं.
स्क्रू आवळण्याआधी पाटीमागे
जुन्या छापाचे तीन क्राउन चिकटवले.

अनावरणाला बँड होता, थंडी होती,
कागदी पेल्यांत गरम वाइन होती.
महापौरांनी रेघेवरून बोट फिरवलं,
जवळ वाकून हळूच विचारलं,
"इथे हात हलला का, आजोबा?"

"वय झालं," म्हटलं.